शस्त्रधारी हल्लेखोर समोर आला, तर सोबत्यासह सुखरूप कसे निघावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : रात्री पत्नीसोबत चालत घरी परतत असताना दोघांनी चाकू दाखवून तुम्हाला अडवले, तुम्ही पाकीट आणि फोन देऊन टाकले, ते निघून गेले आणि कोणालाही इजा झाली नाही. मात्र सहा वर्षे युद्धकला शिकूनही 'त्या वेळी मी काहीच केले नाही' ही बोच तेव्हापासून तुमच्या मनात आहे. पुन्हा असा प्रसंग आला आणि समोरच्याला पाकीट नकोच असेल, तर पत्नीला कसे वाचवावे, त्याच्या हातातला चाकू कसा काढून घ्यावा आणि जवळ एखादे शस्त्र बाळगावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी अकरा वर्षे अंगरक्षक म्हणून काम केले आणि गेली चौदा वर्षे सामान्य स्त्री-पुरुषांना स्वसंरक्षण शिकवतो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो, कारण ती कोणीतरी तुम्हाला ठामपणे सांगणे गरजेचे आहे : तुम्ही त्या रात्री योग्य तेच केले. दोन शस्त्रधारी, तेही हाताच्या अंतरावर, शेजारी पत्नी, आणि मागणी फक्त वस्तूंची. तुमच्या जागी मी असतो तरी पाकीटच पुढे केले असते. तुमची अडचण मला वेगळीच दिसते. जी कला तुम्ही एकट्याने, एकट्यासाठी शिकलात, ती दोघांच्या उपयोगी कशी पडावी हे तुम्हाला कोणी शिकवलेले नाही. सरावाच्या चटईवर तुमच्या शेजारी कोणी उभे नसते, घाबरून तुमचा दंड कोणी आवळून धरलेला नसतो आणि तुम्ही बाजूला सरकलात की तो वार दुसऱ्या कोणाला लागत नसतो. रस्त्यावर हे सगळे असते.

उत्तर बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. हल्लेखोराला वस्तू हवी आहे की माणूस, त्याच्या हातात चाकू आहे की पिस्तूल, तो किती अंतरावर आहे, एकटा आहे की साथीदारांसह, निघायला वाट आहे का आणि तुमच्या सोबत्याला धावता येते का, यांवर सगळे ठरते. गुडघे दुखणारी आई, चार वर्षांचे मूल आणि धडधाकट मित्र यांच्यासाठी मी तीन निरनिराळी उत्तरे देईन. कायदाही प्रत्येक देशाचा वेगळा असतो. स्वतःइतकाच दुसऱ्याचाही बचाव करण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी मान्य असला, तरी धोका त्या क्षणी समोर असावा लागतो, वापरलेले बळ धोक्याच्या प्रमाणात असावे लागते आणि धोका टळताच हात थांबवावा लागतो, अशी सर्वसाधारण चौकट असते. पळणाऱ्या चोराचा पाठलाग करून त्याला मारणे या चौकटीत बसत नाही, शिवाय तुम्ही त्याच्यामागे धावलात की पत्नी मागे एकटी राहते.

सर्वांत आधी समोरच्याला काय हवे आहे ते ओळखावे लागते. लुटणाऱ्याला घाई असते. त्याला वस्तू घेऊन, गाजावाजा न होता, लवकर निघायचे असते आणि शस्त्र हे त्याच्या लेखी वेळ वाचवण्याचे साधन असते. अशा वेळी आपण त्याची घाई भागवावी. दोन्ही तळवे उघडे ठेवून छातीच्या उंचीवर धरावेत. यात शरणागती दिसते, पण वार आलाच तर हात आधीच गळ्याच्या आणि छातीच्या जवळ असतात. खिशात हात घालण्यापूर्वी 'पाकीट उजव्या खिशात आहे, काढतो' असे सांगावे, म्हणजे तुम्ही शस्त्र काढता आहात असा त्याचा गैरसमज होणार नाही. सोबत्याची पिशवीही त्याच वेळी देऊन टाकावी. 'निदान कागदपत्रे तरी परत दे' अशी विनवणी करू नये, कारण तिने प्रसंग लांबतो, आणि प्रसंग जितका लांबेल तितकी चूक होण्याची शक्यता वाढते.

हिशोब बदलतो तो वस्तू दिल्यानंतर. सगळे मिळूनही तो मागे न सरकता आणखी जवळ येत असेल, 'आमच्यासोबत चल' किंवा 'गाडीत बस' म्हणत असेल, सोबत्याला धरून तुमच्यापासून वेगळे करत असेल, किंवा काही न मागताच शस्त्र उगारून आला असेल, तर हा लुटीचा मामला राहिलेला नाही असे समजून त्याच क्षणी हालचाल करावी. दुसऱ्या ठिकाणी नेणारा माणूस तुम्हाला त्याच्या सोयीच्या जागी नेत असतो. तिथे साक्षीदार नसतात, उजेड नसतो आणि त्याच्याकडे वेळच वेळ असतो. या एका बाबतीत मी विद्यार्थ्यांना पर्याय ठेवत नाही. धोका पत्करायचाच असेल तर तो आहे त्या जागी, जिथे लोक आणि वाट जवळ आहेत तिथे, पत्करावा.

आता 'तिला कसे वाचवावे' याकडे येतो. अंगरक्षकाचे काम हल्लेखोराशी लढणे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हाला पहिल्या दिवसापासून नेमके उलटे शिकवले जाते : ज्याचे रक्षण करायचे त्याला झाका आणि तिथून हलवा. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा दोन सेकंदांच्याही आत सहा गोळ्या सुटल्या. त्यांच्यामागे असलेले सुरक्षा अधिकारी जेरी पार यांनी पिस्तूल काढण्यात वेळ घालवला नाही की हल्लेखोराकडे मोर्चा वळवला नाही. त्यांनी रेगन यांना मागून मोटारीत लोटले, स्वतः त्यांच्या पाठोपाठ आत पडले आणि मोटार निघाली. हल्लेखोराला पकडायला इतर लोक होते. मोटार धावत असताना पार यांनी रेगन यांचे अंग हाताने चाचपून पाहिले, तेव्हा जखम सापडली नाही; पण काही वेळातच त्यांच्या तोंडातून फेसाळ लाल रक्त आले आणि पार यांनी मोटार थेट रुग्णालयाकडे वळवायला लावली. एक गोळी डाव्या काखेखालून आत गेली होती. मी हा प्रसंग प्रत्येक तुकडीला सांगतो, कारण आधी हलवणे आणि मग तपासणे हा क्रम त्यात स्पष्ट दिसतो.

तुमच्यामागे सुरक्षा पथक नसते, मोटारीचे दार उघडून कोणी उभे नसते, हा फरक मोठा आहे. म्हणूनच सोबत्याला नुसते 'रक्षण करायची व्यक्ती' मानून चालत नाही. दोघांपैकी एकालाच काय करायचे ते माहीत असेल, तर प्रत्यक्षात दोघेही अडकतात. वर्गात मी पहिल्या दिवशी जोडप्याला काही न शिकवता एक प्रसंग करायला लावतो : समोरून रबरी चाकू घेतलेला माणूस येतो आणि दोघांनी मागच्या दारातून निघायचे. जवळपास प्रत्येक वेळी तेच घडते. पुरुष सोबतीणीचा हात धरून ओढतो. तिची बोटे निसटतात, किंवा ती एक पाऊल मागे राहून त्याच्यामागून ओढली जाते. म्हणजे जिला वाचवायचे तीच चाकूच्या जास्त जवळ असते आणि जो वाचवणार त्याची पाठ हल्लेखोराकडे असते. दुसरा प्रकार असा, की ती घाबरून त्याच्या दंडाला दोन्ही हातांनी मिठी मारते, आणि ज्या हाताने त्याने काही केले असते तोच हात बांधला जातो.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो आधी ठरवून, अंगवळणी पाडून घ्यावा लागतो. सोबत्याला ओढू नये, आपल्या पुढे ढकलावे. दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळवा ठेवून, किंवा काखेखाली दंड पकडून त्याला वाटेच्या दिशेने लोटले, की तो पुढे, तुम्ही मध्ये आणि हल्लेखोर मागे अशी रांग आपोआप तयार होते. हल्लेखोराकडे तोंड ठेवून मागे सरकायचे असेल, तर सोबत्याने तुमच्या पाठीमागे येऊन एका हाताने कमरेचा पट्टा किंवा सदरा मुठीत धरावा. तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात, तो कुठे आहे हे तुम्हाला न बघता कळते, आणि मागे काय आहे ते पाहून तो तुम्हाला दिशा देऊ शकतो. ही पकड तुम्ही घरातल्या घरात दहा मिनिटांत शिकाल. मात्र ती घाबरलेल्या अवस्थेत आठवावी यासाठी पुन्हा पुन्हा करावी लागेल.

शब्दही आधी ठरवावेत आणि ते तीनच असावेत. समोर जितके पर्याय जास्त तितकी निवड करायला माणसाला जास्त वेळ लागतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगाने दाखवले, आणि भीतीने काळीज धडधडत असताना तर लांब वाक्य कानांत शिरतही नाही. आमच्याकडे 'मागे', 'खाली' आणि 'निघ' हे तीन शब्द चालतात. 'मागे' म्हणजे माझ्या पाठीशी येऊन पट्टा धर. 'खाली' म्हणजे आहेस तिथे जमिनीलगत हो. 'निघ' म्हणजे आपण येताना पाहून ठेवलेल्या वाटेने पळ, माझ्यासाठी थांबू नकोस, मागे वळून पाहू नकोस. शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारू शकतो, आणि ज्याने ऐकला त्याने प्रश्न विचारायचा नाही, एवढा नियम पक्का हवा. सोबती जागीच थिजला, जे अगदी धाडसी माणसांचेही होते, तर त्याला नावाने हाक मारून, अंगाला घट्ट हात लावून तोच शब्द पुन्हा म्हणावा. नाव, स्पर्श आणि शब्द एकत्र आले की बहुतेक जण हलतात.

'निघ' हा शब्द सर्वांत अवघड आहे, हे मला माहीत आहे. आपल्या माणसाला मागे सोडून पळण्याचे वचन द्यायला कोणीच तयार नसते, आणि माझ्या वर्गात याच ठिकाणी डोळ्यांत पाणी येते. तरीही मी आग्रह धरतो. सोबती हल्लेखोराच्या टप्प्यातून बाहेर पडला, की तुमच्यावरचे अर्धे बंधन सुटते. मग तुम्हीही पळू शकता, अडथळ्यामागे जाऊ शकता, किंवा वेळ पडली तर फक्त एका शरीराचा विचार करून झुंजू शकता. शिवाय मदत बोलावणारा माणूस तोच असतो. तुम्ही त्याच्यासाठी आणि तो तुमच्यासाठी थांबत राहिलात, तर दोघेही तिथेच उभे राहता. हे बोलणे शांत वेळी, एकमेकांच्या डोळ्यांत पाहून झाले पाहिजे. मूल सोबत असेल तर हा शब्द अर्थातच त्याला लागू नाही. त्याला उचलून, शस्त्राच्या विरुद्ध बाजूला छातीशी धरून दोघांपैकी एकाने निघावे. ज्यांना धावता येत नाही त्यांच्यासाठी लांबची वाट शोधू नये, जवळात जवळ असलेले बंद होणारे दार शोधावे.

आता चाकू. तुम्ही तो काढून घेण्याबद्दल विचारले आहे, म्हणून एक प्रयोग सुचवतो. पांढरा सदरा घाला, मित्राच्या हातात लाल मार्कर द्या आणि त्याला सांगा की वीस सेकंद, ठरवून शिकवलेला एकच वार न करता, मनापासून जमेल तसे भोसकण्याचा प्रयत्न कर. मग आरशासमोर उभे राहून लाल रेघा मोजा. मी हा प्रयोग अनेक वर्षे शिकलेल्या मंडळींवर केला आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत आणि मानेवर रेघ नाही असा सदरा मला क्वचितच दिसला. खरा हल्लेखोर हात लांब करून एक वार करून थांबत नाही. तो मोकळ्या हाताने तुमचा गळपट्टा पकडतो आणि दुसऱ्या हाताने शिवणयंत्राच्या सुईसारखे छोटे वार करत राहतो. कित्येकदा जखमी माणसाला आधी फक्त बुक्के बसल्यासारखे वाटते आणि चाकू होता हे नंतर कळते. त्यामुळे हात रिकामे असताना चाकू हिसकावणे हा मी शेवटचा आणि महागात पडणारा उपाय मानतो.

अंतर आणि अडथळा हे चाकूवरचे खरे उत्तर आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये एक साधे निरीक्षण मांडले, की साधारण माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर अंतर सुमारे दीड सेकंदात धावत कापतो. पुष्कळ जण हा आकडा सुरक्षित अंतर म्हणून पाठ करतात, आणि तो चुकीचा अर्थ आहे. कमरेला पिस्तूल असलेल्या पोलिसालाही एवढ्या अंतरात ते काढून गोळी झाडायला जेमतेम वेळ मिळतो, हा त्याचा अर्थ आहे. तुमच्या बाबतीत याचा निष्कर्ष असा, की चाकूवाला एका खोलीच्या लांबीइतक्या अंतरावर असेल तर मध्ये काहीतरी वस्तू आणणे हे नुसते मागे सरकण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. उभी मोटार यासाठी फार चांगली. तिच्याभोवती दोघेही फिरत राहिलात तर एकटा हल्लेखोर तुम्हाला सहजी गाठू शकत नाही, आणि त्या वेळात आरडाओरडा करता येतो. टेबल, ढकलगाडी, कठडा, अगदी सायकलही चालते.

हे केवळ वर्गातले बोलणे नाही. ३ जून २०१७ रोजी लंडन ब्रिज आणि बरो मार्केट भागात तिघांनी सुऱ्यांनी हल्ला चढवला, तेव्हा लोकांनी खुर्च्या, बाटल्या, हाताला लागेल ते फेकून त्यांना अडवले आणि काही ठिकाणी दारे आतून बंद करून धरली. पहिला फोन गेल्यापासून आठ मिनिटांत पोलिसांनी तिन्ही हल्लेखोरांना गोळ्या घातल्या. पोलिसी दृष्टीने ही विलक्षण चपळाई होती, तरीही तोवर आठ जणांना प्राण गमवावे लागले होते. १३ एप्रिल २०२४ रोजी सिडनीच्या बाँडाय जंक्शन येथील व्यापारी संकुलात एकाने सुऱ्याने सहा जणांना ठार केले. तिथे एका माणसाने गर्दी अडवण्याचा खांब उचलून सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभे राहून त्याला वर येण्यापासून रोखले. त्या माणसाने चाकू हिसकावण्याचा प्रयत्न केला नाही. त्याने हातभर लांबीची वस्तू मध्ये आणली, वरची जागा धरली आणि अंतर राखले. तुमच्या सहा वर्षांच्या शिक्षणाचा खरा उपयोग इथे आहे : तोल, पावलांची चपळाई आणि अंतराचा अंदाज तुमच्याकडे आधीच आहे.

बंदूक असेल तर हिशोब काहीसा वेगळा असतो, कारण अंतर तुमच्या बाजूने असले तरी पुरेसे नसते. हलणाऱ्या माणसावर नेम धरणे अवघड असते आणि प्रत्येक पावलागणिक ते अधिक अवघड होत जाते. म्हणून हल्लेखोर दूर असेल आणि वाट मोकळी असेल, तर सरळ जवळच्या कोपऱ्याकडे पळावे. वेडेवाकडे धावण्यात वेळ घालवू नये, असे माझे मत आहे, कारण त्याने उघड्यावरचा काळ वाढतो. दोघांनी एकमेकांचे हात न धरता, एक पुढे आणि एक किंचित बाजूला मागे, असे धावावे. आडोशाच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवावा. झुडूप, पातळ भिंत, मोटारीचे दार यांमुळे तुम्ही दिसत नाही, पण गोळी त्यांतून आरपार येते. जाड काँक्रीटचा खांब, मोटारीच्या इंजिनाचा भाग आणि त्यालगतचे चाक यांच्यामागे गोळी अडण्याची शक्यता बरीच जास्त असते. भिंतीलगत जातानाही तिला अंग चिकटवू नये, कारण टणक पृष्ठभागावर तिरकी आदळलेली गोळी त्याच पृष्ठभागाला धरून पुढे जाऊ शकते. पळणे शक्य नसेल तर आतून बंद होणारी खोली गाठावी, दाराला जड सामान लावावे, दिवे आणि फोनचा आवाज बंद करावा, फोनची थरथरही बंद करावी, आणि दाराच्या सरळ रेषेत बसू नये.

वाट आधी पाहून ठेवण्याला मी इतके महत्त्व का देतो, तेही सांगतो. घाबरलेला माणूस ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइट क्लबला आग लागली आणि शंभर जण दगावले. इतर दारे असूनही मोठा लोंढा मुख्य दाराकडे लोटला आणि तिथेच कोंडी झाली. याउलट २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकात दोन बंदूकधारी गोळ्या झाडत असताना एका रेल्वे उद्घोषकाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना हल्ल्यापासून दूरच्या बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना सतत दिल्या आणि त्यामुळे पुष्कळांचे जीव वाचले. तुमच्यासाठी असा आवाज प्रत्येक ठिकाणी नसेल. म्हणून कुठेही गेल्यावर अर्ध्या मिनिटात दोघांनी एकमेकांना दुसरी वाट दाखवून ठेवावी. बंदुकीचा आवाज फटाक्यासारखा वाटला, असे वाचलेले लोक वारंवार सांगतात. शंका आली तर आधी निघावे. फटाके असतील तर परत येता येते.

आणि वाटच नसेल तर? कोपऱ्यात गाठले गेलात, सोबती तुमच्यामागे भिंतीला टेकला आहे आणि वार येतोच आहे, तर झुंजावेच लागेल, आणि त्यात अर्धे मन ठेवून चालत नाही. हातात पिशवी, अंगावरचे जाकीट, खुर्ची, जे असेल ते मध्ये आणावे. ते नसेल तर दोन्ही हातांनी शस्त्राचा हात मनगट आणि कोपर यांच्या दरम्यान पकडून तो हल्लेखोराच्याच अंगाशी दाबून धरावा आणि डोके, गुडघे, अंगाचा सगळा भार वापरून त्याला खाली पाडावे. सांधे अडकवून धरण्याचे नाजूक डाव आणि मनगट मुरडण्याचे प्रकार त्या क्षणी विसरावेत. बोटांची बारीक कौशल्ये भीतीने आधी जातात आणि मोठ्या स्नायूंची ताकद टिकते. सोबत्याने अशा वेळी तुम्हाला मागून धरून ओढू नये. त्याने मोकळी बाजू मिळताच निघावे, किंवा तेही शक्य नसेल तर दुसऱ्या बाजूने जड वस्तूने हल्लेखोरावर प्रहार करावा. समोरचा एकाच वेळी दोन दिशांना पाहू शकत नाही. तो कोसळला, मागे सरला, की तिथे क्षणभरही न थांबता दोघांनी निघावे.

जवळ शस्त्र बाळगावे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. चाकू बाळगणारा सामान्य माणूस तो वेळेत काढू शकत नाही, आणि काढलाच तर लुटीचा प्रसंग रक्तपाताचा होतो. शिवाय ते शस्त्र हिसकावले जाऊन सोबत्यावर चालण्याचा धोका असतो. तुम्ही राहता तिथे कायद्याने परवानगी असेल तर मिरचीचा फवारा उपयोगी पडतो, पण तो पिशवीच्या तळाशी असेल तर नसल्यासारखाच, आणि वारा उलटा असेल तर तुमच्याच डोळ्यांत येतो. मुठीत मावणारी प्रखर विजेरी, धावता येईल अशी पादत्राणे आणि चालताना फोनमधून वर उचललेली नजर यांवर मी अधिक विश्वास ठेवतो. मोठा आवाजही साधनच आहे. मदत मागताना गर्दीला उद्देशून ओरडले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो, म्हणून एकाकडे बोट करून 'तुम्ही, निळा सदरा, पोलिसांना फोन करा' असे म्हणावे.

सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांबद्दल फार कमी लोक विचार करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुरक्षित जागी पोहोचताच दोघांनी एकमेकांना तपासावे. डोके, मान, काखा, पाठ, पोट, जांघा अशा क्रमाने कपड्यांखालून हात फिरवावा आणि प्रत्येक वेळी तळवा उजेडात धरून रक्त आहे का ते पाहावे. उत्तेजित अवस्थेत वेदना जाणवत नाही, त्यामुळे 'मला काही झाले नाही' या शब्दांवर विसंबू नये. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते आणि मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांतच प्राणावर बेतते. हाताला किंवा पायाला जोरात रक्तस्राव असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी पूर्ण भार देऊन दाबावे आणि पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. तेवढ्याने थांबत नसेल आणि तुमच्याकडे रक्तबंध पट्टा, म्हणजे टूर्निके, असेल, तर तो जखमेच्या वर पाच ते सात सेंटिमीटरवर, सांध्यावर न येईल असा, रक्त थांबेपर्यंत आवळावा, वेळ लिहून ठेवावी आणि डॉक्टरांशिवाय कोणी तो सैल करू नये. जांघ आणि काखेतल्या खोल जखमेत कापड कोंबून दाब द्यावा लागतो. मानेवर श्वासनलिका न दाबता फक्त जखमेवर दाब द्यावा. अंगात रुतलेले पाते बाहेर ओढू नये, कारण कित्येकदा तेच रक्त अडवून धरत असते. पोलीस आले की हात रिकामे आणि दिसतील असे ठेवावेत. हल्लेखोर कोण आणि बळी कोण हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नसते.

शेवटी तुमच्या मनातल्या बोचीबद्दल. शस्त्र समोर आले की नजर त्यावरच खिळते आणि बाकीचे सुटते, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले आहे. काही वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच अनुभव घेतलेले एक जोडपे माझ्याकडे आले होते. मी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून त्या प्रसंगाचे चित्र कागदावर काढायला सांगितले. पतीने चाकू मोठा आणि ठळक काढला, पात्याचा बाक आणि मुठीवरची चिकटपट्टीसुद्धा. आजूबाजूचा कागद कोरा होता. पत्नीच्या चित्रात चाकू अगदी लहान होता, पण डावीकडचे अर्धवट उघडे फाटक, त्यामागचा उजेड आणि दुसरा हल्लेखोर त्या बाजूला उभा नव्हता ही गोष्ट तिने नेमकी टिपली होती. वाट तिला दिसली होती, पण ती सांगण्यासाठी दोघांत ठरलेला शब्दच नव्हता. तुमच्या पत्नीला त्या रात्री काय काय दिसले, हे तुम्ही अजून विचारले नसेल, तर एक कागद तिच्या हातात द्या आणि एक स्वतः घ्या. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की तुमचा सराव कुठून सुरू करायचा ते तुम्हाला दिसेल.